ऑपरेशनबद्दल आईची साक्ष

मी, खाली सही करणारी निवृत्त शिक्षिका, वय अठ्ठ्याहत्तर, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना, कुणी कान भरलेले नसताना, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागात लिहिले होते.

१. राहते घर मुलगा आणि मुलगी यांना समसमान. मध्ये भिंत घालू नये. स्वयंपाकघर एकच आहे.

२. शिलाई मशीन धाकट्या जाऊबाईंना, ते माझेच होते हे त्यांनी चारचौघांत कबूल केल्यावर.

३. पुस्तके शाळेला. तिथे मी आयुष्यभर मुलांना मुद्दा मांडायला शिकवले: आधी आपले म्हणणे, मग पुरावा, मग त्या पुराव्यावरून ते म्हणणे कसे ठरते ते. 'लोक म्हणतात' असे कुणी लिहिले, की समासात मी 'कोण लोक?' असे लिहायचे. पोरांनी माझे नावच 'कोणलोकबाई' पाडले. हा तास बंद करून तिथे हस्ताक्षराचा तास घालणाऱ्या मुख्याध्यापकांना माझी छत्री. ती तशीही त्यांच्याकडेच आहे.

४. आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तुमच्या वडिलांचे ऑपरेशन लगेच करावे, असे मुलाचे म्हणणे होते. थांबावे, असे मुलीचे. दोघांनी रिपोर्ट, आकडे, दुसऱ्या डॉक्टरांची मते जेवणाच्या टेबलावर मांडली. माझेच विद्यार्थी, नाव ठेवायला जागा नव्हती. ऑपरेशन झाले नाही, ते गेले, आणि भावाने बहिणीशी बोलणे टाकले.

टेबलावर हा वाद चालू होता, त्याच दिवसांत मी तुमच्या वडिलांची नखे कापत असताना ते म्हणाले होते, "मला नाही करायचं ऑपरेशन. माझं ठरलंय. पोरांना एवढ्यात सांगू नकोस. छान मांडतायत दोघं, ऐकू दे मला."

ते गेल्यावर मी हे दोघांना सांगितले. मुलगा म्हणाला, "कुणासमोर म्हणाले? तू तिला पाठीशी घालतेयस." मुलगी म्हणाली, "आई, आमची दिलजमाई व्हावी म्हणून सांगतेयस तू. ज्याचा हितसंबंध आहे त्याची साक्ष धरायची नाही, तूच शिकवलंस ना?"

दोघेही शिकवल्याबरहुकूम बोलले. काही खऱ्या गोष्टींना दुसरा साक्षीदार नसतो, एवढे मात्र वर्गात सांगायचे राहून गेले. त्याचे मला फार वाईट वाटते.

५. दिलजमाई मला हवी होती, हे खरे. पण हे वाचले जाईल तेव्हा मी नसेन. तुम्ही बोललात तरी मला ऐकू येणार नाही, भांडलात तरी नाही. माझा कसलाही हितसंबंध उरलेला नसेल. तेव्हा आता तरी माझी साक्ष धरा, बाळांनो. त्यांनीच नको म्हटले होते.

(सही) आई

साक्षीदार:
१. शेजारचे औषध दुकानदार (सही)
२. बाईंची माजी विद्यार्थिनी, सध्या वकील (सही). पाहिले तेवढेच लिहिते: चौथे कलम लिहिताना बाई कुठे अडल्या नाहीत, एकही शब्द खोडला नाही.

स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: तीन जून