कॉम्प्युटरचं खूळ

सर,

गेल्या महिन्यापासून आमच्या नौपाड्यातल्या दवाखान्यात केसपेपर बंद झाले. पेशंटच्या सगळ्या नोंदी आता कॉम्प्युटरवर, एका नोट्सच्या अ‍ॅपमध्ये. डावीकडे फोल्डर, मधे नावांची यादी, उजवीकडे कोरं पान. डॉक्टरांनी गोड शब्दांत सांगितलं, "जमत नसेल तर सांगा, दुसरी कोणी बघू." या वयात मला दुसरीकडे कोण ठेवणार? म्हणून रोज लवकर जाऊन शिकते. त्यात सेव्हचं बटणच नाही, लिहिलेलं आपोआप राहतं, हे मनाला पटता पटेना. एक अक्षर चुकलं की हात आखडायचा. कंपाउंडर मुलगी म्हणते, "मावशी, बिनधास्त मारा ना, अनडू आहे, चुकलेलं मागे घेता येतं. काय नाय होत." तिला काय सांगू, तुमच्या डोंबिवलीच्या टायपिंग क्लासात एका चुकीसाठी अख्खा कागद फाटायचा. शेवटच्या ओळीत चुकलं तरी तुम्ही शांतपणे म्हणायचात, "पुन्हा पहिल्यापासून."

त्याचा राग नव्हता. पण एक संध्याकाळ आठवते. मी तुमच्या टेबलासमोर उभी आहे आणि विचारतेय, स्टेशनजवळ कॉम्प्युटर क्लास निघालाय, तिकडे जाऊ का? वडिलांना एकाच क्लासची फी झेपणार आहे. तुम्ही चष्मा पुसत म्हणता, "अगं, ते खूळ आहे. बोटांत विद्या असली की कुठे अडत नाही." आमच्या घरी तुमचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मी टायपिंगच केलं, नोकरी लागली, आणि ऑफिसात कॉम्प्युटर आले तसं आम्हा टायपिस्ट मुलींना घरी बसवलं. तेव्हाही मी म्हणत राहिले, सरांना तरी काय ठाऊक.

परवा तुमची मुलगी पेशंट म्हणून आली. मी तिची नोंद करत होते, बोटं आता भराभर चालतात. ती म्हणाली, "तुम्ही बाबांच्या क्लासच्या ना? हात बघूनच कळतं. मला मात्र त्यांनी कधी टायपिंगच्या मशीनवर बसवलं नाही. म्हणाले, हे आता बंद पडणार, तू कॉम्प्युटरच शीक." मी विचारलं, कधीची गोष्ट? तिने सांगितलं ते नेमकं मी तुम्हाला विचारलं तेच वर्ष निघालं. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं, सर. केसाने गळा कापलात माझा, तोही मायेने 'अगं' म्हणून.

वाचायला तुम्ही आता नाही. अ‍ॅपच्या कोऱ्या पानावर लिहिलेलं हे तिला पाठवता येईल, तिचा नंबर समोरच आहे. पाठवणार नाही. जाताना तिने विचारलं होतं, "बाबा शिकवायचे कसे हो?" मी म्हटलं, "फार छान." आणि कबूल करते, ते खोटं नव्हतं.