भिंतीवरची पानं

बाई,

तुम्ही गेलात त्याला चाळीस वर्षं झाली, तरी ओल्या चुन्याचा वास आला की माझी मान अजून खाली जाते. महायुद्धाचे दिवस होते ते. नंदुरबारच्या आपल्या बालमंदिरात तुम्ही तोरणमाळहून एक वाळकी, फाटे फुटलेली फांदी आणवून कोपऱ्यात रोवली होती; मुलं तिच्यावर टोप्या अडकवत. भिंतीवर, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला, खऱ्या पानांना गेरू लावून उमटवलेले ठसे. प्रत्येक मुलाचं एक पान. अक्षर न कळणारं पोर पिंपळ, पळस, सीताफळ ओळखून बरोबर आपल्या जागी बसायचं. "पोरंसले आठे घर वाटाले पाहिजे," पोरांना इथं घर वाटलं पाहिजे, एवढंच तुम्ही आपल्या अहिराणीत म्हणायचात.

भावाच्या आजारपणात तुम्ही नवापूरला गेलात आणि मागे निरोप आला, धुळ्याहून साहेब शाळा बघायला येणार. मी विशीतली, नुकती लागलेली. मला वाटलं, हे गेरूचे डाग आणि वाळकं लाकूड बघून साहेब आपल्याला हसतील. दोन गडी लावून भिंती पांढऱ्या करून घेतल्या, फांदी अंगणात फेकली, मुळाक्षरांचे तक्ते टांगले. सकाळी पोरं दारातच थबकली. कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्याची चिमुरडी भिंतीवरून हात फिरवत राहिली. "मन्हं पान कोठे गयं?" मी तिला दटावून खाली बसवलं.

तेवढ्यात स्टेशनवरून तुम्ही थेट आलात, आणि मागोमाग साहेब. ते चौफेर बघून म्हणाले, "पानांची भिंत आहे असं ऐकलं होतं. मुद्दाम तीच बघायला आलो." माझ्या तोंडून निघून गेलं, "बाईंनीच पुसायला सांगितलं." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग साहेबांना म्हणालात, "हो, मीच सांगितलं होतं." साहेबांनी वही मिटली.

दुपारी तुम्ही पदर खोचून गेरू कालवायला बसलात. मी पायाशी वाकले, तर पाय मागे घेतलेत. "मन्ही माफी नको मांगू. सायबले मी सांगी दिन्हं. पोरंसले मात्र तूच सांग, पानं कोनी पुसात ते."

उद्या सांगते, म्हणाले. पानं पुन्हा उमटली, पोरं रमली, आणि मला वाटलं, आता कशाला? त्या चिमुरडीनं परत विचारलं तेव्हा मी म्हणाले, "पावसानं गेली." तुम्ही खिडकीपाशी होतात. त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोललात. पुढच्या हिवाळ्यात तापानं गेलात.

त्या पोरांतली काहीजणं अजून बाजारात भेटतात, आपली लेकरं घेऊन. भर रस्त्यात माझ्या पायाशी वाकतात, आणि मी आशीर्वाद देते. त्यांना सांगायला एक वाक्य पुरेल. ते सोडून मी हे लांबलचक तुम्हाला लिहीत बसले, बाई, कारण तुम्हाला ते आधीच ठाऊक आहे.