आधी वाचीन, मग नेईन

आबा,

परवा धुळ्याहून ती आली होती. तुमची ‘धुयानी पोर’, माझी मैत्रीण. चार दिवस राहिली. आम्ही दोघी आता साठीच्या पुढे गेलो, दोघींचे गुडघे कुरकुरतात, पण आल्या आल्या तिनं पिशवीतून कपड्यांच्या आधी पुस्तकं काढली. “ही दोन तुझ्यासाठी. हे तिसरं मी वाचून फसले, तू हात लावू नकोस,” म्हणाली. हात लावायचा नव्हता तर आणलं कशाला, असं विचारल्यावर म्हणाली, “किती वाईट आहे ते तुला दाखवायला.” चार दिवस आमच्या तोंडाला विसावा नव्हता. ती गेली, घर गप्प झालं, आणि तुमच्याशी बोलावंसं वाटलं. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झालीत की मनातल्या मनात बोलायला गेले की तुमच्या वाटचं उत्तरही मीच देऊन टाकते. म्हणून लिहायला बसले.

तुम्हाला आठवत असेल, आम्ही दोघी डी.एड.ला एका बाकावर होतो. ती सावद्याची, केळीच्या बागा असलेल्या घरातली, जळगावात वसतिगृहावर राहायची आणि रविवारी आपल्याकडे जेवायला यायची. आईच्या हातची कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाऊन नाक पुसत पुसत पुस्तकाबद्दल भांडायची. विहारामागच्या खोलीत आपल्या वस्तीचं वाचनालय होतं, दोन लोखंडी कपाटं आणि एक सतरंजी. तिथलं एक पुस्तक आम्ही दोघींत घ्यायचो. आठवड्याचे पहिले तीन दिवस तिचे, पुढचे माझे, आणि रविवारी भांडण. मला वाटायचं हे असंच चालायचं. मग मला जळगावातच शाळा मिळाली आणि तिचं लग्न धुळ्याला झालं. दोन महिन्यांनी तिचं पत्र आलं. सगळी माणसं चांगली आहेत, नवरा शांत आहे, असं लिहून शेवटी लिहिलं होतं, “पण इथं वाचायला फक्त भिंतीवरचं कॅलेंडर आहे. जुलै पाठ झाला.”

तुम्ही तेव्हा रोज जळगाव–धुळे गाडीवर कंडक्टर. मी ते पत्र घेऊन स्वयंपाकघरात आले तेव्हा तुम्ही ड्यूटीचा खाकी शर्ट घालून पाटावर बसलेले, पहिला घास हातात. मी म्हटलं, आबा, एक पुस्तक न्याल का तिला? तुम्ही मान न उचलता म्हणालात, “ड्यूटीवर दुसऱ्याचं पार्सल नेता येत नाही.” मी म्हटलं, एवढंसं तर आहे, कोण बघतंय? तेव्हा मात्र मान उचललीत. “मी बघतोय ना.” विषय संपला असं समजून मी निघाले. तुम्ही हात धुतलात, टोपी उचललीत आणि दारातून परत वळून म्हणालात, “ते पुस्तक जरा दे इकडं. आधी मी वाचीन. वाचलं की ते माझं वाचायचं पुस्तक झालं. माझं पुस्तक माझ्या पेटीत राहू शकतं. मग नेईन.”

मला हसू आलं होतं, आज कबूल करते. तुमचं शिक्षण सातवीपर्यंतचं, नरडाण्याकडच्या खेड्यातून आलेले, पेपराच्या पलीकडे काही वाचताना मी तुम्हाला पाहिलेलं नव्हतं. वाटलं, आठ दिवसांत कंटाळतील आणि तसंच नेतील. पण तुम्ही कंटाळला नाहीत. ओसरीवर बसून, ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचत होतात. आई म्हणाली, “हाई काय नवं?” तुम्ही म्हणालात, “ड्यूटीनं काम शे.” पंधरा दिवसांनी ते पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून तिकिटांच्या पेटीत ठेवलंत आणि धुळ्याच्या स्टँडमागच्या तिच्या गल्लीत स्वतः नेऊन दिलंत. पुढच्या आठवड्यात तिकडून येताना तिची चिठ्ठी आणलीत. चिठ्ठीत माझ्यासाठी दोन ओळी होत्या आणि खाली, “आबांना सांग, नायिकेबद्दल त्यांचं म्हणणं मला पटलं नाही.” मी चिठ्ठी दोनदा वाचली. नायिकेबद्दल तुमचं काही म्हणणं होतं हे मला तिच्याकडून कळत होतं.

पुढच्या एका खेपेची गोष्ट तुम्ही कधी सांगितली नाहीत. ती मला तुमच्या गाडीच्या ड्रायव्हरकाकांनी आपल्याच ओसरीवर चहा पिता पिता सांगितली. पाळधीला चेकर चढला. तिकिटं बरोबर निघाली. मग त्याला पेटीत पुडकं दिसलं. “पार्सल का?”

“नाही साहेब. वाचायचं पुस्तक आहे.”

“कागदात गुंडाळून वाचता?”

“धूळ बसते म्हणून.”

“अस्सं! मग सांगा बरं, काय आहे यात?”

आणि तुम्ही सांगायला लागलात. तापीकाठच्या एका नावाड्याच्या बायकोची ती गोष्ट होती. नवरा नाव सोडून परगावी जातो आणि ती स्वतः वल्हं हातात घेते. काका म्हणाले, पुढच्या चार बाकांवरची माणसं बोलायची थांबली. कोणीतरी मागून ओरडलं, “भाऊ, जोरात सांगा, इंजिनाचा आवाज येतो.” चेकरला एरंडोलला उतरायचं होतं. एरंडोल आलं, गेलं. पारोळ्याला उतरताना पायरीवर थांबून त्यानं विचारलं, “मग परत आल्यावर ती त्याला नाव देते का?” तुम्ही म्हणालात, “ते सांगत नाही. धुळ्याच्या बाईचं वाचून झालं की पुस्तक तुम्हाला देतो.” आणि खरंच दिलंत. काका हसून हसून सांगत होते आणि तुम्ही आत कोरड्या फडक्यानं पेटी पुसत बसला होतात, जणू दुसऱ्याच कोणाची गोष्ट चालली आहे.

अशी दोन वर्षं गेली. इकडून तिकडे, तिकडून इकडे. आमच्या शाळेतल्या दोन बाई त्यात आल्या, तिच्या गल्लीतली एक शिवणकाम करणारी आली. आम्ही पुस्तकात चिठ्ठ्या घालायचो. “पहिली साठ पानं धीर धर.” “शेवट आधी वाचलास तर बोलणार नाही.” माझं लग्नाचं बोलणं चालू झालं होतं, बघायला येणाऱ्यांसमोर पोह्यांच्या बशा नेऊन मी कंटाळले होते, आणि धुळ्याची चिठ्ठी हाच आठवड्यातला सण होता.

त्या वर्षी पावसाळा संपत आला तेव्हा मी तिला एक जाड कादंबरी पाठवली. म्हणजे तुमच्याकडे दिली. आत चिठ्ठी, “हे माझ्या सगळ्यात आवडीचं. हातातलं काम टाकून वाच.” आठवडे गेले, तिचं उत्तर नाही. मला राग यायला लागला. मग एका रविवारी तुमचे शर्ट ट्रंकेत ठेवताना तळाशी ते पुस्तक सापडलं. माझ्या चिठ्ठीसकट.

तुम्ही जेवत होतात. मी पुस्तक पाटाजवळ ठेवून विचारलं, हे इथं कसं? तुम्ही म्हणालात, “दिलं नाही.”

“का?”

“मी वाचलं म्हणून दिलं नाही.” मग माझ्याकडे बघून विचारलंत, “तू वाचलंस का हे?”

मी म्हटलं, “हो तर.”

“पूर्ण वाचलंस?”

“हो म्हटलं ना!”

तुम्ही हातातला घास ताटात ठेवलात. “मग पाठवायला नको होतंस.”

त्यावर मी जे बोलले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. मी म्हटलं, “कंडक्टरनं तिकिटं फाडावीत. आम्ही काय वाचायचं ते आम्हाला कळतं.”

आईच्या हातातला झारा थांबला. तुम्ही ताटातलं सगळं संपवलंत, ताट स्वतः मोरीत नेऊन ठेवलंत, आणि ओसरीवर जाऊन बसलात. आई एवढंच म्हणाली, “भलती शिकनी तू, बाई.” मी पुस्तक उचलून माझ्या खोलीत नेलं. खरं म्हणजे मी ते वाचलेलं नव्हतं. आमच्या मुख्याध्यापिकेनं सगळ्या शिक्षिकांसमोर त्याची स्तुती केली होती आणि ती स्तुती मी माझी म्हणून पुढे पाठवत होते. ते सांगायचं धैर्य त्या दिवशी नव्हतं. त्यानंतर महिनाभर आपल्यात पुस्तकाचा विषय निघाला नाही. तुम्ही नेहमीसारखे बोलत होतात, बाजारातून मला आवडतात म्हणून भरताची वांगी आणलीत, आणि मला ते जास्तच टोचत होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी तुम्हाला न सांगता दुसऱ्या गाडीनं धुळ्याला गेले. तिनं दार उघडलं. चेहरा उतरलेला, हातापायाच्या काड्या. मला पाहून ती आधी हसली आणि मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली. भाद्रपदात तिचं पोटातलं बाळ सातव्या महिन्यात गेलं होतं. मुलगी होती. मी विचारलं, मला का नाही कळवलंस? म्हणाली, “तुझ्या घरी तुझ्या लग्नाची बोलणी चाललेली. मीच आबांना शपथ घातली, तिला सांगू नका म्हणून.”

मग तिनं बाकीचं सांगितलं. तुम्ही ते जाड पुस्तक घेऊन एकदा तिच्या दारापर्यंत आला होतात, बातमी ऐकलीत आणि पिशवीतून ते बाहेर काढलंच नाहीत. पुढच्या खेपेला विहाराच्या कपाटातून स्वतः निवडून एक पातळसं पुस्तक आणलंत, एका विसराळू तलाठ्याची गंमत होती त्यात. तिनं हातात घेतलं नाही. म्हणाली, आबा, अक्षरं दिसत नाहीत मला. तेव्हा तुम्ही टोपी काढून ओट्यावर बसलात आणि वाचायला लागलात. गाडी परत सुटायला पाऊण तास असायचा. येण्याजाण्याचा आणि स्टँडवरच्या नोंदी-हिशेबाचा वेळ वगळून दहापंधरा मिनिटं. दुसऱ्या दिवशी परत. रोज दोन-अडीच पानं, बोट धरून. तिची सासू आतून धान्य निवडता निवडता थांबून ऐकायची. “आणि एक दिवस,” ती मला सांगत होती, “आबांनी ‘मोजणी’ला ‘मेजवानी’ वाचलं. तलाठी शेताच्या मेजवानीला गेला! मी म्हटलं, आबा, मोजणी. तर म्हणाले, ‘मोजणी? मंग हाऊ तलाठी इतला खुश का बरं शे?’ मी हसले गं. सासूबाई बाहेर आल्या बघायला, की ही हसली का.” सांगताना ती परत हसत होती आणि डोळे पुसत होती.

मी परत तुमच्या गाडीनं आले. तुम्ही मला स्टँडवर पाहिलंत, कुठून आलीस विचारलं नाहीत. पुढच्या बाकावर जागा करून दिलीत, तिकीट फाडलंत. पारोळ्यापर्यंत मी शब्द जुळवत होते, गाडीत गर्दी वाढली आणि तुम्ही मागं गेलात. सुट्टीचे उरलेले दिवस मी ते जाड पुस्तक वाचलं. मधोमध एका बाईचा रिकामा पाळणा होता, आणि त्यावर कित्येक पानं. वाचून झाल्यावर सकाळी तुमच्यासमोर चहा ठेवला आणि म्हटलं, “आबा, वाचलं.”

“आत्ता?”

“आत्ता.”

तुम्ही बशीत चहा ओतलात, फुंकर घातलीत. “बरं झालं,” म्हणालात. मग जरा वेळानं, “ते लिहिलंय मात्र फार चांगलं. ती बरी झाली की देऊ.” दोन वर्षांनी तिला मुलगी झाली, ती चालायला लागली, तेव्हा तुम्ही ते दिलंत. तिनं वाचून चिठ्ठी पाठवली, “आबा, बरोबर वेळेला आणलंत.” ती चिठ्ठी तुम्ही मला दाखवलीत. माफी मी तेव्हाही मागितली नाही, तुम्हीही वाट पाहिली नाहीत. परवा ती म्हणाली, “अगं, त्यांना कधीच राग आला नव्हता. मला म्हणाले होते, पोरगी पुस्तकासाठी बापाशी भांडली, हे काही वाईट नाही.” एवढ्या वर्षांनी हे ऐकलं आणि काय हलकं वाटलं म्हणून सांगू.

निवृत्तीनंतर विहाराच्या दोन कपाटांची किल्ली तुमच्याकडे आली. कोणी पुस्तक मागितलं की तुम्ही आधी घरची खुशाली विचारायचात आणि मग कपाट उघडायचात. शेवटच्या वर्षात डोळ्यांनी दिसेना, म्हणून मी माहेरी आले की दुपारी जेवणानंतर तुम्हाला वाचून दाखवायचे. सारंगखेड्याच्या बाजारात एका म्हाताऱ्याची घोडी हरवते, ती गोष्ट चालली होती. तुम्ही पलंगावर डोळे मिटून पडलेले, मी पायाशी स्टुलावर. पुस्तक संपायला थोडीच पानं उरली होती आणि मला परत निघावं लागलं. पुढच्या खेपेपर्यंत तुम्ही राहिला नाहीत.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, त्यामुळे एक सांगून टाकते. ती गोष्ट वाचताना एका दुपारी तुम्हाला झोप लागली असं वाटून मी मधली दहा-बारा पानं गाळली होती. मलाही झोप येत होती. दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, “त्या घोडीचं काय झालं?” मी म्हटलं, येईल पुढं. पुढं येणार नव्हतं. त्या गाळलेल्या पानांतच सगळं होतं. घोडी सापडते, आबा. दुसऱ्याच दिवशी, नदीच्या पलीकडच्या काठावर, निवांत चरत असलेली.