पाचपैकी तीन

आई,

तुला आणि बाबांना नमस्कार. पत्र तूच वाचून दाखव, नाहीतर बाबा चष्मा शोधत बसतील.

माझी तब्येत बरी आहे. खोलीची खिडकी आता नीट लागते, त्यामुळे खोकलाही गेला. बाबांचा गुडघा काय म्हणतो?

कामाचं विचारलं होतंस. इथे तरुण मुलामुलींसाठी सहा महिन्यांचं शिबिर झालं. त्याचा त्यांना फायदा झाला का, हे मी तपासते. सुरुवातीला एक फॉर्म भरून घेतला होता, शेवटी तोच पुन्हा. चारचौघांत कितपत बोलता येतं, स्वतःला पाचपैकी गुण द्या.

परवा बेरीज केली, मग पुन्हा एकदा करून पाहिली. बहुतेकांचे गुण कमी झालेत. साहेब म्हणाले, "म्हणजे शिबिरानं पोरं बिघडवली, असं लिहायचं का?"

मग शिवणकाम करणाऱ्या एका मुलीला विचारलं. तिचे आधी पाच होते, आता तीन. पहिल्या दिवशी ती तोंड उघडत नव्हती आणि गेल्या आठवड्यात तिनेच सभा चालवली. ती म्हणाली, "ताई, तेव्हा मी चारचौघांत कधी बोललेच नव्हते. ते किती अवघड असतं, मला काय ठाऊक? आता बोलते, म्हणून कळतं."

हेच अहवालात लिहिणार आहे. साहेबांना पटेल बहुतेक.

यापुढचं बाबांना वाचून दाखवू नकोस. आल्या आल्या मी लिहिलं होतं, एकटीनं राहणं मला मुळीच जड जात नाही. ते पाचपैकी पाच होते. आता तीन धर.

तुझी,
थोरली