ल्युएला आत्यास, न छापायच्या आकड्याविषयी

रीनो, सोमवार, दुपारच्या जेवणानंतर

तीर्थरूप ल्युएला आत्यास,

ऑरिनचा गुडघे टेकून नमस्कार. (हे नुसतं लिहायची रीत म्हणून लिहिलेलं नाही. पेन टेबलाखाली गेलं होतं, ते काढताना खरोखरच गुडघे टेकले, तेव्हा म्हटलं नमस्कार इथूनच उरकून घ्यावा.) तुझी तब्येत कशी आहे? बिटाचं लोणचं यंदा वसंतापर्यंत पुरलं का? पास्टरांच्या बायकोशी बोलणं पुन्हा सुरू झालं का? तू भर चर्चमध्ये उभी राहून गोधडीच्या सोडतीला जुगार म्हणालीस, मग सोडत रद्द होऊन लिलाव झाला आणि गोधडी नेमकी त्या बाईंनीच पटकावली, ही हकीकत मला ट्विन फॉल्सहून बटाटे घेऊन आलेल्या एका ट्रकवाल्याने सांगितली. तुझी कीर्ती महामार्गाला लागली आहे.

मागच्या पत्रात तू एकच ओळ लिहिली होतीस: ‘ऑरिन, तू जुगार खेळतोस का, हो की नाही?’ तर उत्तर आहे, नाही. मी जुगार खेळत नाही. मी जुगाराबद्दल लिहितो. फरक काय, असं तू भुवया वर करून विचारशील, म्हणून नीट सांगतो. खेळत होतो तेव्हा टेबलाशी उभं राहायचे पैसे मी देत होतो. आता त्याच टेबलाशी, त्याच बुटांत उभा राहतो आणि पैसे मला मिळतात. (फार नाहीत. पण निदान वाहायची दिशा बदलली.) हे जमलं ते माझ्या तोंडाला बूच नाही म्हणून. इथे सिल्व्हर मॅगपाय नावाचा एक कॅसिनो आहे. तिथल्या फाशांच्या टेबलाशी मी एका सकाळी नेमाने हरत होतो आणि हरता हरता शेजारच्या बाईंना सगळं रसभरित वर्णन करून सांगत होतो. समोरचा माणूस फासे टाकण्यापूर्वी टोपी कशी फिरवतो, त्याची बायको त्या वेळी छताकडे बघून ओठांतल्या ओठांत काय पुटपुटते, वगैरे. त्या बाई निघाल्या फ्रिडा ऑस्टरहाउट, ‘ट्रकी टॅटलर’ या फुकट वाटल्या जाणाऱ्या साप्ताहिकाच्या मालक, संपादक आणि रविवारी झाडूवाल्या. त्या म्हणाल्या, “बाबा रे, तू खेळू नकोस. तुला खेळताना बघून मलाच कर्ज काढल्यासारखं वाटतं. तू लिही.”

असा मी लेखक झालो. अट एकच, सदर चालू आहे तोवर एकदाही डाव लावायचा नाही. (म्हणून मी टेबलाशी हात खिशात घालून उभा असतो. पँटचे खिसे आता पिशव्यांसारखे लोंबतात.)

आता तुला फाशांच्या टेबलाविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. भिऊ नकोस, कळल्याने पाप लागत नाही. लांबलचक टेबल, भोवती माणसं, एकजण दोन फासे उचलतो आणि टेबलाच्या पलीकडच्या उंच कडेवर आपटतो. बाकीचे बहुतेक सगळे त्याच्याच बाजूने डाव लावून असतात, म्हणून जिंकले तर सगळे एकदम जिंकतात आणि अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडतात. (चर्चच्या सहलीतसुद्धा मी एवढा बंधुभाव पाहिलेला नाही.) पण डाव रंगात आल्यावर दोन फाशांची बेरीज एका ठरावीक आकड्यावर आली की सगळे एकदम मरतात. म्हणून तो आकडा टेबलाशी कुणी उच्चारत नाही. ‘तो’ म्हणतात, ‘लाल्या’ म्हणतात, काही नुसतं थुंकल्यासारखं करतात. जो लांब काठीने फासे पुढे सरकवतो तो काठीवाला कॅसिनोचाच पगारी नोकर, पण तोही शक्यतो नाव घेत नाही. नवख्या माणसाने चुकून तोंडातून काढलं तर आजूबाजूचे लोक त्याच्याकडे असे बघतात, की त्याने लग्नात नवरीला आधीच्या नवऱ्याची आठवण करून दिली असावी.

हे सगळं मला ठाऊक होतं, आत्या. वर्षानुवर्षं ठाऊक होतं.

पण ट्विन फॉल्सला बिटाचे भाव लिहायचो तेव्हा आमच्या म्हाताऱ्या संपादकांनी कानीकपाळी ओरडून एक गोष्ट शिकवली होती, मथळ्यात आकडा हवा, आकडा असला की लोक थांबतात. ती माझ्या हाडांत मुरली आहे. मी पहिलाच मोठा लेख लिहिला आणि त्याला मथळा दिला, ‘फाशांच्या टेबलाशी नवखे करतात त्या सात चुका’. (हा आकडा मी इकडेतिकडे बघून लिहिला आहे आणि या पत्रात पुन्हा लिहिणार नाही.) त्यातली चौथी चूक काय होती, तर टेबलाशी हा आकडा उच्चारणे! मी लिहिलं, मी तपासलं, फ्रिडाबाईंनी तपासलं, छापणाऱ्याने जुळवलं, आणि वर मथळ्यात हाताच्या पंजाएवढ्या अक्षरांत काय बसलंय ते कुणालाच दिसलं नाही.

टॅटलरचे गठ्ठे मॅगपायच्या दारात ठेवलेले असतात. लोक आत येताना एक प्रत उचलतात, घडी घालतात आणि मागच्या खिशात खोचतात. घडी पडली ती नेमकी मथळा बाहेर ठेवून. त्या सकाळी टेबलाभोवती उभ्या असलेल्या जवळजवळ प्रत्येक माणसाच्या पाठीमागे तो आकडा लटकत होता. आणि पडत काय होतं? तोच. पुन्हा तोच. लोक बूट बदलून आले, जागा बदलून उभे राहिले, एकाने चष्मा काढून ठेवला, तरी तोच. शेवटी टेबलावरचे सगळ्यांत जुने खेळाडू डेल्बर्ट स्लायगो, निवृत्त प्लंबर, खाली पडलेली चिप, म्हणजे पैशांऐवजी लावायची चकती, उचलायला वाकले आणि पुढच्या माणसाचा खिसा त्यांच्या नाकासमोर आला.

“कोण रे हा ऑरिन टॅकेट?” ते गरजले. “पुढे ये. तोंड बघू दे.”

मी हात खिशातून न काढता पुढे गेलो. म्हटलं, “मीच, डेल्बर्टकाका.”

“काका म्हणू नकोस. माझ्या सख्ख्या पुतण्यांना लिहिता येत नाही, ही देवाची केवढी कृपा आहे ते आज कळलं.”

पुढच्या आठवड्यात मी जाहीर माफी मागितली. ती फार सुंदर साधली होती. त्या आकड्याचं नाव न घेता दोन रकाने भरले, म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी येईल असं लिहिलं. प्रत घेऊन स्वतः डेल्बर्टकडे गेलो. ते उभ्याउभ्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेले, मान हलवली, चेहरा जरा निवळलासुद्धा. मग त्यांनी पानाच्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे पानाचा क्रमांक होता. (आमचं साप्ताहिक आठ पानी आहे आणि माझं सदर शेवटून दुसऱ्या पानावर येतं. आता तू हिशेब कर.)

तेव्हापासून टॅटलरमध्ये पान सहा दोनदा येतं. शब्दकोड्याखाली ‘उत्तरे पान सहावर’ असं छापलेलं असतं. लोक आधी पहिल्या सहाव्या पानावर जातात, तिथे शोकसंदेश असतात. एका बाईंनी आडवे शब्द मृतांच्या नावांनी भरून पाठवले आणि बक्षीस मागितलं.

एवढं करूनही भागलं नाही, कारण माझ्या सदराच्या खाली कित्येक वर्षांपासून एका न्हाव्याची जाहिरात असते आणि त्याचं दुकान नेमकं त्याच क्रमांकाच्या गल्लीत आहे. फ्रिडाबाईंनी त्याला गोड बोलून विचारलं, की ‘सहाव्या आणि आठव्या गल्लीच्या मधे’ असं छापलं तर चालेल का. तो म्हणाला, “बाई, मी दुकान हलवू, की तुम्ही लेखक हलवताय?” आणि जाहिरात बंद केली.

आता मॅगपायच्या व्यवस्थापकांनी, म्हणजे पचेकोसाहेबांनी, निरोप पाठवला आहे. खेळाडूंची कुरकुर थांबली नाही तर शनिवारनंतर टॅटलरचे गठ्ठे दारात दिसता कामा नयेत. ते दार गेलं तर साप्ताहिक वाचणार कोण? फ्रिडाबाई मला ओरडल्या नाहीत. त्या शांतपणे म्हणाल्या, “ऑरिन, शनिवारपर्यंत त्या टेबलाशी समेट कर. नाहीतर तुला परत बिटांकडे जावं लागेल, आणि म्हातारपणी मलाही तुझ्याबरोबर यावं लागेल.”

आत्या, थट्टा बाजूला ठेवून एक सांगतो. मला हे सदर सोडवत नाही. बिटांच्या भावाखाली माझं नाव किती वर्षं छापलं जात होतं, तुझ्याखेरीज ते कुणी वाचल्याचं मला आठवत नाही. (आणि तूही नावच वाचायचीस, भाव नाही.) इथे माणसं माझा शब्द न् शब्द वाचतात. पानाचा क्रमांक वाचतात, खालची जाहिरात वाचतात, चिडतात, बोट ठेवतात. असे वाचक लेखकाला मिळतात कुठे? ते माझ्यावर रागावले आहेत हे खरं, पण वाचून रागावले आहेत.

म्हणून काल सकाळी मी पुन्हा डेल्बर्टकडे गेलो. ते मॅगपायच्या उपाहारगृहात हॅम आणि अंडी खात होते. म्हटलं, “काय लिहू म्हणजे मिटेल?”

“लिहू नकोस,” ते म्हणाले. “बाई आण.”

मी दचकलो. तेही माझं दचकणं बघून दचकले. “तसं नव्हे रे, गाढवा! कधी फासे हातात न धरलेली बाई. ती पहिल्यांदा टाकते तेव्हा टेबल उघडतं. विटाळ धुऊन निघतो.”

हे इथे सगळे मानतात. पुरुषांना ही सवलत नाही, नवखा पुरुष म्हणजे उलट घातच. फ्रिडाबाई मोठ्या मनाने म्हणाल्या, मी येते. त्यावर टेबलाभोवती एवढा हशा पिकला की काठीवाल्याला काठी खाली ठेवावी लागली. मग हातमोजे घातलेल्या एक सोज्वळ बाई स्वतःहून पुढे आल्या, म्हणाल्या, मी आजवर फासे पाहिलेलेसुद्धा नाहीत. आणि हातात घेताच त्यांनी तीन ठिपक्यांच्या बाजू सराईतपणे वर जुळवून घेतल्या. डेल्बर्ट म्हणाले, “वा वहिनी! हे हल्ली शिवणाच्या वर्गात शिकवतात वाटतं?” बाई रागाने पलीकडच्या टेबलावर गेल्या आणि तिथे त्यांना सगळे नावाने ओळखत होते.

डेल्बर्टचं मत पडलं की अशी बाई आता नेवाडात शिल्लक नाही. आपल्या आयडाहोकडे असली तर असेल. मी ते ऐकून घेतलं.

असो. इथे बाकी सर्व क्षेम. हवा कोरडी आहे, सांधे दुखत नाहीत, सिएराचे डोंगर माझ्या खिडकीतून अर्धे दिसतात. (उरलेले अर्धे समोरच्या पाटीमागे आहेत.) तुझी आठवण येते. प्रकृतीला जप, आणि पास्टरांच्या बायकोला माझ्यातर्फे माफ कर.

तुझा, बहुतेक बाबतींत आज्ञाधारक भाचा,
ऑरिन

ता. क. सोबत बसचं जाण्यायेण्याचं तिकीट आहे, शुक्रवारचं. कितीतरी वर्षं तू डोंगर बघायचे म्हणते आहेस. डोंगर शनिवारी दुपारी बघू. सकाळी मॅगपायमध्ये एक छोटंसं काम आहे.

पुन्हा ता. क. हा जुगार नव्हे. तू काही लावणार नाहीस, काही घेणार नाहीस. दोन ठोकळे उचलायचे आणि कोंबड्यांना दाणे टाकतेस तसे समोर भिरकवायचे, फक्त एकाच हाताने. पास्टरांना विचारल्याशिवाय तुला चैन पडणार नसेल तर जरूर विचार. पण परत गेल्यावर.

आणखी एक. तू नाही म्हणशील या भीतीने तुला आधी विचारलं नाही. ‘आयडाहोहून येत आहेत मिस ल्युएला टॅकेट’ हा मजकूर आज सकाळी छापायला गेला, चर्चच्या ॲपल-पाय भाजण्याच्या स्पर्धेतल्या तुझ्या फोटोसह. डेल्बर्टना कच्ची प्रत दाखवली. त्यांनी चारही कोपरे तपासले आणि टोपी काढली. शनिवारी ते इस्त्रीचा शर्ट घालणार आहेत.

शेवटचं, आणि हे नीट वाच. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात डेल्बर्टचा फोन आला. तुझ्यासाठी केक मागवताहेत आणि त्यावर तुझं वय घालायचं आहे, आत्याबाई कितीच्या, असं विचारत होते. मी अभिमानाने सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मागच्या महिन्यात तू किती वर्षांची झालीस ते इथे लिहीत नाही, तुझं तुला माहीत आहे: तोच आकडा, आणि त्याच्या शेजारी पुन्हा तोच. तू जन्मात खोटं बोलली नाहीस, आताही बोलू नकोस. कुणी विचारलंच, तर चारचौघांत बाईमाणसाला वय विचारतात का, एवढंच म्हण आणि फासे टाक.