पेडलवर पाय ठेवणारीच्या नावे

मागच्या रविवारी माझ्या चिरंजीवांनी एका हॉटेलमालकाला घरी आणलं. मी चहा टाकायला आत गेले, तेवढ्यात दोघांनी घरामागच्या शेडमध्ये शिरून माझ्या जीपची लांबी-रुंदी टेपनं मोजली. मी बाहेर आले तेव्हा हॉटेलमालक सांगत होते की हॉटेलच्या दारासमोर चौथरा बांधू, चाकं सिमेंटात पक्की करू, इंजिन काढून त्या जागी फुलझाडं लावू, लोक सीटवर बसून फोटो काढतील. गुरुवारी माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. त्यातून उठले तर दोघांशी तोंडी बोलेन. न उठल्यास ती सोय राहणार नाही, म्हणून हे लिहून ठेवते.

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, पदार्थविज्ञानाची पदवीधर, सिमेंट कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त, हा मजकूर पूर्ण भानावर राहून स्वतःच्या हातानं लिहीत आहे. कोणी दबाव आणलेला नाही. माझ्यावर दबाव आणून पाहिलेली माणसं पुन्हा त्या फंदात पडत नाहीत. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. मसुदा वकिलांना दाखवला. त्यांनी खासगी मजकूर गाळावा असं सुचवलं. गाळलेला नाही.

१. राहतं घर, मागच्या शेडसह, माझ्या एकुलत्या एका मुलाला द्यावं. शेडमधली फरशी तेलकट आहे, ती धुऊन निघणार नाही, प्रयत्न करू नये. न्हाणीघराचं दार जरा वर उचलून ढकललं की लागतं. हे मी त्याला अनेकदा सांगितलं आहे आणि तरी दर वेळी तो लाथ मारतो.

२. बँकेत जे काही उरेल ते मुलगा आणि सून यांना निम्मं-निम्मं, दोघांच्या वेगवेगळ्या खात्यांत. सुनेनं कधी काही मागितलं नाही, म्हणून तिचं वेगळं लिहावं लागतं.

३. पाने, जॅक, वाइस, वेल्डिंगचं यंत्र आणि भिंतीवरची सगळी हत्यारं कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला द्यावीत. त्याला आम्ही 'होईल-होईल' म्हणतो, कारण कुठल्याही कामाला त्याचं तेवढंच उत्तर असतं. बोल्ट किती आवळला हे दाखवणारा काट्याचा पानाही त्यालाच. तो अंदाजानं आवळतो आणि वर मलाच सांगतो, "बाई, हाताला कळतं." त्याच्या हाताला काय कळतं ते माझ्या पुढच्या डाव्या चाकानं मला भर रस्त्यात, गाडीच्या आधी पुढे जाऊन दाखवलेलं आहे. मनात राग ठेवलेला नाही. पाना मात्र वापरावा.

४. जीप. हे कलम लांबेल.

ही जीप आम्ही घेतली तेव्हा एका बंद पडलेल्या खाणीच्या आवारात उभी होती आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. हौस माझी. माझे पती हिशेब तपासनीस. स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला की सुटतो, हे त्यांनी शेवटपर्यंत मनावर घेतलं नाही. तरी प्रत्येक सुटीच्या दिवशी जुना पायजमा घालून ते शेडमध्ये येत आणि मी मागितलेला पाना सोडून बाकी सगळे एकेक करून देत. चेसिसचा गंज मी खरवडला, इंजिन मी उतरवलं आणि मीच चढवलं, पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा लेथवाल्यापाशी उभं राहून करून आणला. अशी ती आम्ही काही वर्षं रानावनात, नदीच्या पात्रात, मनसोक्त फिरवली. पुढे ब्रेकचे नळ कुजले आणि ते मी सगळे नवे घातले.

नवे नळ घातले की ब्रेकमधली हवा काढावी लागते, आणि माझ्या शेडमधल्या साधनांत हे एकच काम एकट्या माणसाला होत नाही. एकानं सीटवर बसून पेडल दाबायचं. दुसऱ्यानं चाकाशी आडवं होऊन निपल, म्हणजे तेल बाहेर सोडायचा पोकळ बोल्ट, ढिला करायचा, बुडबुड्यांसकट तेल बाहेर येऊ द्यायचं, निपल आवळायचा. पेडल मगच सोडायचं. आधी सोडलं तर हवा पुन्हा आत. एकमेकांचं तोंड दिसत नाही, म्हणून बोलत राहावं लागतं. चाकाशी असलेल्यानं "दाबा" आणि "सोडा" म्हणायचं, सीटवरच्यानं "दाबलं" आणि "सोडलं" असं उत्तर द्यायचं. सुरुवात सर्वांत लांबच्या चाकापासून.

आमची तीन चाकं झाली होती. चौथं त्यांच्या पायाजवळचंच. मी "दाबा" म्हटलं, ते "दाबलं" म्हणाले. निपल आवळून मी "सोडा" म्हटलं. उत्तर आलं नाही. मला वाटलं, पेंगले. त्यावर मी काहीतरी तिखट बोलले आणि पुन्हा "सोडा" म्हटलं.

थोरल्या नणंदबाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. घर माणसांनी भरलेलं असताना त्या सर्वांदेखत मला म्हणाल्या, "त्याचं हृदय कमजोर होतं हे ठाऊक असून तू त्याला लोखंड रेटायला बसवलंस." मी म्हटलं, "वन्सं, दार तिकडे आहे." त्या गेल्या. नंतर आठ वर्षं आम्ही लग्नकार्यांतसुद्धा एकमेकींच्या पाठीच पाहिल्या. जीप विटांवर चढवून ठेवली, इंजिन तेवढं अधूनमधून सुरू करत राहिले. 'होईल-होईल'नं पेडल दाबायची तयारी दाखवली होती, त्याला मी चहा पाजून परत पाठवलं.

हॉटेलमालकाची गोष्ट चिरंजीवांनी आत्याला फोनवर सांगितली. सोमवारी वन्सं दारात उभ्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. "माझा भाऊ गेला त्या सीटवर लोक फोटो काढणार?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चालती गाडी कोणी सिमेंटात रोवत नाही, ही चालत नाही.

"का चालत नाही?"

"ब्रेक नाहीत. त्याला दुसरं माणूस लागतं."

वन्संनी पदर खोचला आणि गुडघ्यांना शिव्या देत त्या सीटवर चढल्या. काय करायचं एवढंच विचारलं.

जुनं तेल काढून टाकलं, नवं भरलं. पूर्वीची तीन चाकं धरून चौथ्यापासून सुरू करता येत नाही, पुन्हा पहिल्यापासून यावं लागतं. डॉक्टरांनी मला वाकायला मनाई केली होती. मी वाकले नाही, आडवी झाले. दाबा, दाबलं, सोडा, सोडलं, याखेरीज आमच्यात शब्द नाही. चौथ्या चाकाशी आले. निपल आवळला आणि "सोडा" म्हटलं.

"सोडलं," वन्सं म्हणाल्या.

आवळलेला निपल मी पुन्हा एकदा आवळून पाहिला.

"वहिनी."

"काय?"

"हे इतकं हलकं असतं?"

"निपल उघडला की हलकंच जातं."

"पुन्हा एकदा कर बघू."

मी निपल उघडला. पेडल सावकाश खाली गेलं. "जिना चढायलासुद्धा याहून जोर लागतो," त्या म्हणाल्या. "मी इतकी वर्षं समजत होते की..." पाय तसाच धरून ठेवा, निपल आवळायचा आहे, एवढंच मी सांगितलं. त्यांनी पाय धरून ठेवला.

सबब ही जीप, तिचे सुटे भाग आणि कागदपत्रं मी माझ्या थोरल्या नणंदबाईंच्या नावे करते. वारस माझ्याहून सहा वर्षांनी मोठा नेमणं वकिलांना रुचलेलं नाही. पण लसीकरणाच्या दिवसांत ड्रायव्हर झिंगून पडला की दवाखान्याची गाडी वन्संच चालवीत, आणि त्यांचा परवाना अजून चालू आहे. अट एकच. जीप चालती ठेवावी. स्वतःला जमेनासं झालं की ती चालवणाऱ्या माणसालाच द्यावी. ती शोभेला ठेवू नये, तिच्यात माती भरू नये.

५. चिरंजीवांस. "आई, मला ती गाडी बघवत नाही," असं तू म्हणालास तेव्हा मी "मग बघू नकोस" म्हटलं. ते उत्तर पुरेसं नव्हतं. तुझे बाबा तिच्यात गेले हे खरं आहे. पण त्याआधी कितीतरी वर्षं ते तिच्यात हसत होते, आणि मागच्या सीटवर तू होतास. आत्यानं फाटकाशी हॉर्न वाजवला तर बाहेर ये. हॉटेलमालकांची टेप शेडमध्ये राहिली आहे, ती परत कर.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकिलांनी करावी. ज्यांना काही मिळायचं आहे त्यांनी साक्षीदार होऊ नये असा नियम आहे, म्हणून वन्सं आणि 'होईल-होईल' यांना सह्या होईपर्यंत अंगणात बसवलं आहे. हे लिहीपर्यंत दोघांचं भांडण जुंपलं आहे.

स्थळ: घरामागची शेड
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, बुधवार
सही: मृत्युपत्र करणारी

आमच्यासमोर सही झाली, आम्हीही त्यांच्यासमोर सह्या केल्या:
साक्षीदार पहिले: शेजारचे शिंपी (सही)
साक्षीदार दुसऱ्या: समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई (सही)

ताब्याची नोंद, त्याच दिवशी. जीपचा ताबा गुरुवारची वाट न पाहता आजच दिला. सोबत दिलेल्या वस्तू: (१) किल्ल्या दोन. (२) इंजिन फिरवायचं हँडल एक. (३) कागदपत्रांची पिशवी. (४) निपलचा पाना, मी स्वतः कापून बेतलेला, एक.

घेणारीच्या हातचं: एक ते तीन मिळालं. गाडी मीच फाटकाबाहेर काढली, वहिनी शेजारी बसली होती. उतारावर ब्रेक दाबला, चारी चाकं एकदम थांबली. अनुक्रमांक चार, पाना, स्वीकारलेला नाही. मी पेडलवर बसणार. पाना धरायला वहिनीनं यावं.
(सही) थोरली नणंद