अक्कावर गेली म्हणे!

उस्मानपुरा, औरंगाबाद
सोमवार

प्रिय अक्का,

काल देवळात, रविवारच्या उपासनेत, मी उठून बोलले. व्हय, मीच! तर बाहेर आल्यावर बायका काय म्हणाल्या? "अगदी थोरल्या बहिणीवर गेली! अक्काच जणू!" तू मातीआड होऊन इतकी वर्षं झाली, तरी माझं बोलणंसुद्धा तुझ्याच नावावर? अंगाचा तिळपापड झाला, म्हणून लिहायला बसले.

मी तुझ्यावर जन्मभर जळत आले गं. पोलीस ॲक्शननंतर तुझं लग्न ठरलं. आपल्यात पाळकसाहेब तीन रविवार नवरा-नवरीचं नाव वाचतात, कुणाची हरकत हाय का विचारतात. कधी कुणी बोलतं का? तू बोललीस. "हरकत माझीच हाय, साहेब." बाबांनी मान खाली घातली. सारं देऊळ तुझ्याकडं बघत होतं, आणि शेजारी बसून मी म्हणत होते, देवानं सगळी हिंमत हिलाच दिली, मला काय उरलं?

तू येशूशी बोलायचीस ते शेजारणीशी बोलावं तसं. मी गुडघे टेकले की माझे नुसते गुडघे दुखायचे!

आणि माझ्या वेळी? माझं नाव वाचलं तेव्हा, तू माझ्यासाठी बोलावंस म्हणून, मी तुला कोपरानं ढोसलं. तू समोरच बघत राहिलीस. बाहेर आल्यावर म्हणालीस, "हरकत तुझी, तर जबान पण तुझीच पाहिजे." इतकं कोरडं बोलावं का, अक्का? मी संसाराला लागले, तू अजिंठ्याला शाळेत शिकवायला गेलीस. सुट्टीत तू आलीस की तुझी इस्त्रीची साडी बघूनसुद्धा माझा जीव जळायचा.

आता माझ्या रूथची पाळी. ह्यांनी तिच्यासाठी पाचोडचा बिजवर ठरवला, दोन लेकरांचा बाप. पोरीला नर्सिंग पुरं करायचंय. रोज रडते, पण बापापुढं तोंड उघडत नाय. माझीच पोर ना!

काल तिसरा रविवार. साहेबांनी हरकत विचारली आणि रूथनं माझा हात धरला. तिचा हात गार पडला होता. मला तुझं शेवटचं दुखणं आठवलं. मी विचारलं होतं, "देवळात उठलीस तेव्हा तुला भीती नाय वाटली?" तू हसलीस. "लई वाटली. बाक धरलं आणि म्हणलं, प्रभू, तू आधी ऊठ, मी मागनं उठते."

आणि मी इतकी वर्षं समजत होते, तुला भीती ठाऊकच नाय!

मी बाक धरलं. तेच म्हणलं. आणि उठले. "पोरीचं मन नाय. आई म्हणून माझी हरकत हाय." पुरुषांच्या बाजूनं हे ओरडले, "खाली बस!" नाय बसले. मग रूथही उठली. "व्हय. मला नाय करायचं." साहेबांनी कागद मिटला.

कालपासून ह्यांचा अबोला हाय. भाकरी मात्र मुकाट्यानं खातात.

ऐक अक्का, तू स्वतःसाठी उठलीस, माझ्यासाठी नाय. मी पोरीसाठी उठले. एवढं एक तरी माझं राहू दे!

वचन देते, आता मी गप्प बसायची नाय. आणि तिकडं येईन तेव्हा प्रभूजवळची सगळी जागा अडवून बसू नकोस. जरा सरक. नाय सरकलीस, तर सगळ्यांदेखत उठून हरकत घेईन.

तुझी धाकटी,
मार्था